एस्तेरबाईंचं एक अख्खं गाणं

कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत कोणी ठरवून अंगाला कापूस लावून घेत नाही. पण संध्याकाळी घरी येऊन सदरा झटकला की मूठभर निघतोच! किश्शांचंही तसंच आहे. मोताळ्याच्या शाळेत मी गणित शिकवायला गेलो होतो, किस्से गोळा करायला नव्हे. पण आता आम्ही जुने मास्तर कुठे लग्नाकार्यात भेटलो, की पहिला चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतोच, "अन् ते एस्तेरबाईचं?" की झालं! पंगत उठेपर्यंत दुसरा विषय नाही.

प्रत्येक जण आपल्या पदरचं तिखटमीठ लावतो. मी लावत नाही. मला थोडीफार पेटी वाजवता यायची, म्हणून बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमात मी त्यांच्या शेजारी असायचो. म्हणजे बहुतेक सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि खरं सांगायचं तर निम्मा घोटाळा माझ्याच हातचा!

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता, आम्हीही.

*

एस्तेर साळवे मोताळ्याचीच. आई लहानपणीच गेलेली, वडील याकोबकाका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. पोरीनं नर्स व्हावं म्हणून त्यांनी तिला मुंबईला पाठवलं. तिथे प्रार्थनेच्या वेळी तिचा आवाज एका परदेशी बाईंनी ऐकला. त्या विलायती पद्धतीचं गाणं शिकवायच्या. सहा वर्षांनी पोरगी परत आली ती छापील गाण्यांच्या कागदांनी भरलेली ट्रंक घेऊन! नर्सिंग कधीच सुटलं होतं.

आमच्या शाळेत संगीताची जागा रिकामी होती. हेडमास्तरांनी मुलाखत घेतली.

"तुम्ही काय गाता?"

"सोप्रानो," बाई म्हणाल्या. "बायकांचा सगळ्यात उंच आवाज असतो, तो."

"असं! मग भीमपलास येत असेल?"

"नाही."

"भूप? निदान भैरवी?"

"नाही सर. आमची पद्धतच वेगळी."

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग सहा वर्षं मुंबईत शिकलात तरी काय?"

"पहिली दोन वर्षं तर फक्त श्वास घ्यायला शिकले."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "गुरुजी, आपण उगाच मोताळ्यात राह्यलो. इथं आपल्याला ते कोणी शिकवलंच नाही!"

पण नेमणूक झाली. दुसरा अर्जच आला नव्हता.

*

खरी अडचण घरात होती. याकोबकाका तापट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. लेक आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाई चर्चमध्ये गायल्या. गाणं चढत चढत त्या टोकाच्या सुराला गेलं आणि मांडीवरचं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. ते पाहून दुसरं. मग तिसरं. आया पोरं घेऊन बाहेर पळाल्या, पोरांचे बाप टोपडी घेऊन मागे पळाले आणि गाणं अर्ध्यातच थांबलं.

याकोबकाका घरी आले, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "नर्स व्हाले धाडली होती तुले. तुह्या या गान्यानं कोनाचा ताप उतरनार हाय काय वं?"

बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही एकदा पूर्ण तर ऐका."

"म्या एकटा आयकून काय करू? ज्या दिवशी हे गाव तुहं एक गानं, एकच, मुकाट्यानं शेवटपर्यंत आयकीन, त्या दिवशी म्या येईन. तवरोक मले बोलावू नको."

हे सगळं बाईंनीच मला नंतर सांगितलं, हसत हसत. पण सांगताना त्यांनी हातातला रुमाल इतका पिळला की मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती: गावानं एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, म्हणजे बाप येईल.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण आहे! आमचं गाव तुम्हाला माहीत नाही.

*

बाई पहाटे शाळेच्या मागच्या मैदानात रियाज करायच्या. मैदानाला लागून किसनरावांची ज्वारी. एक दिवस किसनराव हेडमास्तरांच्या खोलीत येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आली तक्रार!

"सर, त्या बाईले आठ रोज माह्या वावरात धाडता काय?"

"का हो?"

"त्याइचं गानं सुरू झालं की मैदानाकडच्या अंगाले एक पाखरू बसत नाही. तिकडचं कनीस पाहा कसं भरलं! अन् दुसऱ्या अंगाले गोफन फिरवू फिरवू माहा खांदा गेला."

आम्ही सगळे खाली मान घालून हसत होतो. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "येते मी. तिथे मला मधेच थांबवणारं तरी कोणी नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई राखणीच्या माळ्यावर उभ्या राहिल्या. खाली किसनराव, त्यांचं घरदार आणि तमाशा बघायला गेलेले आम्ही. बाई गायल्या. खरंच सांगतो, चहूकडे ती हिरवी ज्वारी, कोवळं ऊन आणि वर तो आवाज! माझ्या अंगावर काटा आला. किसनरावही टक लावून ऐकत होते. मला वाटलं, जमलं! आज हे गाणं पूर्ण होतंय.

तेवढ्यात किसनराव दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "बाई! जरा उगवतीकडं तोंड करा! तिकडून पोपट येऊन राह्यले!"

*

आमच्या गावच्या भजनी मंडळाचे वामनबुवा म्हणजे गाण्यातले जाणकार. शाळेच्या गॅदरिंगला ते पहिल्या रांगेत बसले. बाईंनी सुरुवात केली. बुवांनी दाद द्यायला उजवा हात उचलला आणि समेची वाट पाहू लागले. सम आली की हात मांडीवर आपटायचा आणि 'वाहवा' म्हणायचं, ही जन्माची सवय.

सम येईना. हात तसाच वर. एक पान झालं, दोन पानं झाली. हात थरथरायला लागला. शेवटी डाव्या हातानं उजव्याला आधार देऊन बुवा उभेच राहिले.

"माफ करा बाई. याच्यात सम कुठं असते?"

बाई थांबल्या. थांबावंच लागलं. "बुवा, यात सम नसते."

"नसते?" बुवांनी मागे वळून सगळ्या गावाकडे पाहिलं. "मंग मानसानं मान केव्हा हालवावी?"



*

लाऊडस्पीकरवाले गफ्फारभाई बाईंचे मोठे भक्त. गणपतीत त्यांनी स्वतःहून माइक लावला. बाई म्हणाल्या, "भाई, मला माइक लागत नाही." गफ्फारभाईंना तो अपमान वाटला. "बाई, बडे बडे लोग आए, सबको लगा. तुमको कायको नहीं लगता?"

मग लागला. बाई हळू गात होत्या तोवर भोंगा छान चालला. पण उंच सूर आला, भोंगा आधी खरखरला, मग शिट्टी मारली, मग फट्! आणि लाऊडस्पीकरच्या यंत्रातून धूर निघाला. लोक गाणं सोडून धूर बघायला धावले. गाणं पुन्हा अर्ध्यावर!

बाई इतक्या ओशाळल्या की त्यांना रडू यायचं बाकी होतं. गफ्फारभाई मात्र जळक्या यंत्राशेजारी उकिडवे बसून कौतुकानं मान हलवत होते. "बारा साल से धंदा करतो बाई. मशीन हारली आन् आदमी जीता, ऐसा पहली बार देखा!"

*

आता माझा गुन्हा.

बाईंची गाणी माझ्या पेटीवर नीट यायची नाहीत, म्हणून एकदा बुलढाण्याहून मनोरमाबाई आल्या. पायानं भाता मारायचा ऑर्गन त्या वाजवायच्या, समोर छापील कागद ठेवून. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पानं उलटायला मी. मला त्या कागदावरलं एक अक्षर कळत नव्हतं. बाईंनी सांगितलं, "गुरुजी, मनोरमाताईंनी मान हलवली की उलटायचं. बास."

सोपं होतं. पण मनोरमाबाईंच्या नाकाशी एक माशी घोंघावत होती. त्यांनी माशीसाठी मान हलवली, मी पान उलटलं. त्यांनी घाबरून 'नाही, नाही' अशी मान हलवली, मी आणखी दोन उलटली!

गाणं तिथून जे उडालं ते थेट शेवटाजवळ जाऊन पडलं. बाईही त्याच्या मागे उडाल्या आणि शेवटचा सूर लावून थांबल्या. इतक्या लवकर संपलं म्हणून खूश होऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी उठलं नाही, कोणी बोललं नाही. शेवटपर्यंत ऐकलं की सगळ्यांनी!

मी आणि बाई तसेच याकोबकाकांकडे गेलो. ते दवाखान्यात पुड्या बांधत होते. मी म्हटलं, "काका, आज गावानं शेवटपर्यंत ऐकलं!"

काकांनी लेकीकडे पाहिलं. "किती पानाचं होतं?"

बाई खोटं बोलू शकत नव्हत्या. "नऊ."

"म्हटली किती?"

"सहा."

काकांनी पुडीला दोरा गुंडाळला. "औषीद अर्धं घेतलं तर गुन येत नाही माय. बाकीची तीन पानं म्हनून ये."

*

माझ्या बहिणीचं लग्न वडनेर भोलजीला होतं. मी हौसेनं बाईंना मंगलाष्टकं म्हणायचा आग्रह केला. बाईंनी चार दिवस खपून पाठ केली. मांडवात बाईंनी पहिलं अष्टक म्हटलं आणि 'सावधान'चा 'धा' लावला.

आता आमच्याकडची रीत अशी, की 'सावधान' म्हटलं की ज्वारीच्या अक्षता टाकायच्या. आणि बाईंचं शिक्षण असं, की शेवटचा सूर श्वास पुरेल तोवर सोडायचा नाही. दोन वर्षं तेच तर शिकल्या होत्या! बाईंचा 'धा' संपेना, लोकांचे हात थांबेनात. सगळे आपले टाकताहेत, टाकताहेत! तो सूर संपला तेव्हा मांडवातल्या आठही अष्टकांच्या अक्षता संपल्या होत्या. नवरदेव पापण्यांतून ज्वारी काढत होता.

मांडवात नुसता गोंधळ. कोणीतरी अक्षता म्हणून स्वयंपाकातून तुरीची डाळ उचलून आणली. दुसऱ्या अष्टकाला बाईंनी श्वास घेतलेला दिसताच आमचे व्याही हात जोडून पुढे झाले. "भटजी, राह्यलेली सात मनातल्या मनात म्हना!"

याकोबकाका लग्नाला आले होते, पण अष्टकांच्या वेळी मुद्दाम मांडवाबाहेर, चुलाण्याजवळ बसले होते. जेवताना मी भीत भीत म्हटलं, "काका, 'सावधान' तरी लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं."

"लगनात लोकं जेवाले थांबतात गुरुजी. ते मोजत नाही म्या," काका म्हणाले. मग पानातल्या वरणाकडे पाहून म्हणाले, "अन् वरन पातळ झालं, ते कोनामुळं?"

*

मग बाईंना मुंबईच्या एका शाळेचं बोलावणं आलं. चांगली जागा, विलायती गाणंच शिकवायचं. आम्ही पेढे मागितले, बाईंनी दिलेही. पण संध्याकाळी मैदानात एकट्या बसलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, जाते मी. पण बाबांनी मला एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही हो. तिथे जाऊन मी कोणासाठी गाऊ?"

ती गोष्ट मी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितली आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "यात बाईंची चूक नाही. गाणाऱ्याची तालीम झाली, ऐकणाऱ्याची कोणी घेतली? घ्या आठ दिवस!"

आणि आम्ही अख्ख्या गावाची ऐकण्याची तालीम घेतली!

बाईंचं खरं दुखणं त्या गाण्यातल्या थांब्यांचं होतं. विलायती गाणं मधेच थांबतं, श्वासभर गप्प राहतं आणि पुन्हा सुरू होतं. आमच्या लोकांना वाटायचं संपलं, आणि ते चपला शोधायला लागायचे. म्हणून बाईंनी स्वतः नियम करून दिला. त्या गाताना दोन्ही हात छातीशी एकमेकांत गुंफून उभ्या राहायच्या. तर हात गुंफलेले आहेत तोवर गाणं चालू आहे. तोवर टाळी नाही, वाहवा नाही, उठणं नाही, खोकणं नाही. हात खाली आले की संपलं!

गफ्फारभाईंनी दुरुस्त केलेला भोंगा सायकलवर बांधला आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांपासून दवाखान्यापर्यंत ओरडत फिरले, "भाइयों और बहनों! बाई के हाथ उप्पर, अपना मुंह बंद! हाथ नीचे, फिर जो करना सो करो!" आम्ही वर्गावर्गातून पोरांना बसवून पाहिलं. मी समोर हात गुंफून उभा राहायचो आणि पोरं श्वास धरून बसायची. पोरांनी घरी जाऊन आईबापांना बसवलं. किसनरावांनी म्हणे सालदारांनाही शिकवलं.

याकोबकाकांना बोलवायला मीच गेलो. ते म्हणाले, "बोलनं झालं हाय आमचं. आधी गाव आयकू दे."

कार्यक्रम पाच वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. खिडक्यांतून ऊन आत आलेलं. हॉल गच्च! तान्ही पोरं आज्यांकडे ठेवून आया आलेल्या. वामनबुवा तर स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते. मनोरमाबाई ऑर्गनवर, मी पानांपाशी. गाणं अकरा पानांचं.

बाईंनी हात गुंफले आणि सुरुवात केली.

पहिला थांबा आला. कोणी हललं नाही. दुसरा आला. चप्पल वाजली नाही. उंच सूर आला तेव्हा समोरच्या एका बाईनं पदर तोंडात घातला, पण हूं की चूं नाही. मी एकेक पान दोन बोटांनी चाचपून उलटत होतो. नववं. दहावं. अकरावं. आणि तो शेवटचा सूर! किती वेळ होता कोण जाणे, पण मला वाटलं तो संपूच नये. मग तो अलगद संपला. मनोरमाबाईंनी ऑर्गनवरचे हात उचलले.

हॉलमध्ये शांतता.

बाई उभ्या, समोर बघत. टाळ्यांची वाट पाहत. हात छातीशी, गुंफलेले.

गाव बसलेलं, बाईंच्या हातांकडे बघत. कोणी पापणी हलवेना. हेडमास्तर परेडला उभं राहावं तसे ताठ. मलाही वाटलं, अजून एखादा थांबा असेल. एका बाईची बांगडी किणकिणली तर चार जणींनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

शांतता लांबत गेली. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. साडेतीनशे तोंडं, सगळी बंद! त्यांची गुंफलेली बोटं आणखीच घट्ट आवळली गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पानं सोडून बाईंना खुणावायला वळलो.

इतक्यात मागच्या खिडकीतून, बाहेरून, आवाज आला. तो आवाज सगळ्या मोताळ्याच्या ओळखीचा होता. गजाला धरून याकोबकाका उभे होते, हातात अर्धी बांधलेली पुडी.

"एस्तेर! हात खाली कर ना वं माय! लोकं केव्हाची थांबून राह्यली!"